डांबरगोळ्या

अण्णा, तुमच्या ड्युटीच्या कपड्यांना जो वास यायचा तो गेले आठ दिवस माझ्या घरात मुक्कामाला आहे. मी आता इंदिरानगरला राहते, तिसऱ्या मजल्यावर, एकटीच. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली आणि तेव्हा या भागात निम्मे प्लॉट मोकळे होते. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवते. पर्स दोनदा धुतली, चपला गॅलरीत टाकल्या, त्या दिवशीची साडी सोड्याच्या पाण्यात भिजवून ठेवली. तरी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तुम्ही नुकतेच पाळीवरून येऊन मोरीशी उभे आहात असं वाटतं. शेजारच्या वहिनींनी विचारलंही, कुठे रस्त्याचं काम निघालंय का? मी म्हटलं, हो, मागच्या गल्लीत. खोटं बोलायला हल्ली मला फार वेळ लागत नाही. तुम्हाला मात्र खरं सांगायचं ठरवून बसले आहे, बघू कुठपर्यंत जमतं.

माझा धंदा तुम्हाला माहीत नाही. तुम्ही होतात तेव्हा मी शाळेत शिकवत होते. ती नोकरी सुटली आणि मी भाषांतराला लागले, इंग्रजीतून मराठीत. कथा-कादंबऱ्यांचं काही नाही, लगेच कौतुक करू नका. द्राक्षांवर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर जे मुंगीच्या पावलांएवढं मराठी छापलेलं असतं ना, ते मी लिहिते. पाण्याच्या पंपाची पुस्तिका, बँकेचे फॉर्म, कारखान्यांतल्या सूचना. वीस वर्षांत माझं लिहिलेलं लाखो लोकांच्या घरात गेलं असेल, आणि त्यातलं एक वाक्यही कुणी मोठ्याने वाचून दाखवलेलं मी ऐकलं नव्हतं. या मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं. ते कसं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे, पण आधी एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत जाऊन येऊ द्या.

क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर. दाराच्या फटीतून राख आत यायची, आई दिवसातून तीनदा फरशी पुसायची आणि तीनदा बोलायची. तुम्ही बॉयलर पेटवायच्या तेलाच्या पंपहाऊसला होतात. काळं, मधासारखं दाट, तापवल्याशिवाय पाइपातून हलत नाही असं ते फर्नेस ऑइल. घरी आलात की कशालाही न शिवता कोपरापर्यंतचे काळे हात पुढे धरून तुम्ही पाटावर बसता आणि आई तळणातून उरलेलं गोडेतेल त्यांच्यावर ओतते. मग चोळायचं, मग डाळीचं पीठ, मग साबण. मी शेजारी बसून बघते आहे. मी नऊ वर्षांची, आणि कॉलनीतल्या नव्या रस्त्यावर खेळून माझ्या पोटऱ्यांना डांबर लागलेलं. स्टोव्हजवळची रॉकेलची बाटली मी उचलली, चिंधी भिजवली, आणि तुम्ही तेलकट हातानेच माझ्या मनगटावर असा फटका मारलात की बाटली फुटली. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. म्हणालात, "रॉकेलनं डांबर जात नाय, पातळ होऊन कातडीत शिरतं. दिसत नाय म्हणजे गेलं असं नसतं." मी रडत होते ते फटक्यापेक्षा बाटली फुटल्याचं आई काय म्हणेल त्या भीतीने. पुढे तुमच्या छातीत काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं, कशामुळे ते सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारू दिलं नाहीत.

सुरक्षा सप्ताहात एक दिवस कामगारांच्या घरच्यांना प्लांट बघायला नेत. मी सातवीत. चिमणी, टर्बाइन वगैरे सगळ्यांनी पाहिलं, पण तुम्ही मला हाताला धरून पंपहाऊसला नेलंत, कारण तुम्हाला तुमची पाटी दाखवायची होती. भिंतीवर मोठी अधिकृत पाटी होती: अतिज्वलनशील पदार्थ, धूम्रपान निषिद्ध. तिच्याखाली खडूने, तुमच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेलं: इथं बिडी पेटवली तर जळून मरशील. साहेबांनी ते दोनदा पुसायला लावलं होतं म्हणे, अशिष्ट भाषा म्हणून. तुम्ही दोनदा परत लिहिलंत. ठेक्यावर येणारी माणसं पेठ-सुरगाण्याकडची, त्यांना निषिद्ध म्हणजे काय ते कोण सांगणार, असं तुम्ही हसत म्हणालात. मला मात्र लाज वाटली. मैत्रिणीच्या बाबांचं टेबल होतं, पंखा होता, आणि माझ्या बाबांचा एक खडू होता.

त्याच सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा होती आणि मला पहिलं बक्षीस मिळालं. 'सुरक्षिततेची कास धरा, अपघातांचे उच्चाटन करा.' टाळ्या झाल्या, स्टीलचा डबा मिळाला. घरी येताना तुम्ही गप्प होतात. मी विचारलं, आवडलं नाही का? तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. "छान हे," म्हणालात, "पण कास म्हणजे गाईची ना? ती कुणी धरायची? तू हे सांगितलंस कुणाला?" मी रुसले, दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मेन रोडवरून जुन्या पुस्तकांतली एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन आलात, पाठ उसवलेली, आणि माझ्या दप्तरावर ठेवलीत. तुमच्या मानाने ती महाग होती. तिच्यावरच मी हा धंदा केला, अण्णा, आणि तो प्रश्न मात्र विसरून गेले.

आता मे महिन्याकडे येते. नाशिकच्या एका ठेकेदाराला समुद्रकिनारा साफ करायचं काम मिळालं, डहाणूच्या बाजूला. तुम्हाला वाटेल नाशकाचा आणि समुद्राचा काय संबंध. संबंध माणसांचा आहे. घाट उतरून तिकडे कामाला जाणारी माणसं आपल्याच सुरगाण्या-पेठेची, स्वस्त आणि न कुरकुरणारी, म्हणून ठेकेदारही इथलाच. समुद्रात जहाजांतून म्हणा, तेलाच्या विहिरींतून म्हणा, कुठून तरी तेल सांडतं. लाटा ते घुसळतात, ते आटून घट्ट होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वारा फिरला की काळे गोळे होऊन वाळूवर येऊन पडतं. दरवर्षी येतं. कुणाचं ते कुणालाच माहीत नसतं. इंग्रजीत त्याला टारबॉल म्हणतात. मजुरांना देण्यासाठी हाताएवढ्या कार्डावर सूचना हव्या होत्या, त्या मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: किनाऱ्यावर आढळणाऱ्या डांबरगोळ्या उघड्या हातांनी उचलू नयेत. डांबरगोळ्या बंद पिशवीत, कोरड्या जागी, सावलीत साठवाव्यात. लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात.

तुम्ही असतात तर पहिल्याच ओळीला चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं. डांबरगोळी म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आईच्या ट्रंकेत शालूच्या घडीत असायची, पांढरी, कापराच्या भावकीतली, किडा-कसर लागू नये म्हणून. आणि मी ते लिहिताना मला हे सुचलं नाही असं नाही. सुचलं. शब्द टाइप केला आणि नाकात कपाटाचा वास आला, मी स्वतःशीच हसलेसुद्धा. 'डांबराचे चिकट गोळे' लिहून पाहिलं, तर कार्डावरची ओळ तुटून खाली जात होती आणि ठेकेदाराच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं होतं, मॅडम, शॉर्टमध्ये द्या. म्हटलं, समोर काळा गोळा दिसत असताना कोण घोटाळा करणार आहे! चालून जाईल. वीस वर्षांत मी हे 'चालून जाईल' किती वेळा म्हटलं असेल, त्याचा आता विचार करते आणि झोप उडते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर मोठा फलक लावायचा होता, त्यावरचा मजकूर तपासायला त्यांनी मला गाडीने नेलं. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि मी थांबलेच. समुद्र आपण तसा क्वचितच पाहिलेला, पण एवढं कळतं की लाट फुटली की पांढरी होते. ही लाट तपकिरी येत होती, आवाज न करता आल्यासारखी, आणि मागे हटताना वाळूवर काळी झालर सोडत होती. वाटाण्याएवढे, लिंबाएवढे, भाकरीएवढे थापे. खेकडा त्यात रुतून पाय झाडत होता. एका कुत्र्याचे चारही पंजे काळे झाले होते आणि ते चाटत बसलं होतं. साफ केलेल्या पट्ट्यावर मागून येणारी लाट पुन्हा तेवढंच आणून टाकत होती. बायका ओणव्या होऊन उचलत होत्या, रबरी हातमोजे होते पण निम्म्याजणींनी काढून कमरेला खोचलेले, घरी शेतात कामाला येतील म्हणून. ऊन चढलं की डांबर मऊ होतं, वाळूतून निघत नाही, म्हणून काम पहाटेपासून. दहा वाजताच पायांना तो वास असा चिकटला की मी नऊ वर्षांची झाले.

सावलीला बसायची वेळ झाली तेव्हा एक पोरगी, विशी-बाविशीची, कडेवर तान्हं मूल, पदरातून कार्ड काढून उभी राहिली. बारावी झालेली, त्या टोळीत वाचता येणारी ती एकटी. आठ-दहा बायका आणि तीन-चार म्हातारे तिच्यासमोर बसले. तिने ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला सुरुवात केली, अडखळत नाही, घाई नाही, पूर्णविरामाला थांबून. माझी वाक्यं, अण्णा! मी लिहिलेलं कुणीतरी माणसांना वाचून दाखवत होतं आणि माणसं माना हलवत होती. मुकादम नाशिकरोडचा, तोंडाने फटकळ, तो म्हणाला, "हे बघा, ह्या मॅडमनीच लिहिलंय हे सगळं." तिने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे सगळ्यांना तूच म्हणतात, त्यात अपमान नसतो. "तू लिवलंस? लय चांगलं लिवलंस. माला समदं समजलं," ती म्हणाली. मी इतकी खूश झाले की तिच्या मुलाच्या हातात पर्समधली चॉकलेटची गोळी ठेवली.

निघताना मी आणखी एक पाहिलं. दोघीतिघी बायका भरलेल्या गोण्यांतले लहान लहान गोळे निवडून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारून आपापल्या बोचक्यात ठेवत होत्या. मी मुकादमाला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "न्यू द्या ना मॅडम, चुलीला पेटवायला लागत असंल. तेवढंच आपलं ओझं कमी." ड्रायव्हर गाडी सुरू करून थांबला होता. मी गाडीत बसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाचा फोन आला. हसत होता. "मॅडम, तुमच्या डांबरगोळ्यांचा किस्सा ऐकला का? त्या येड्या लोकांनी घरात नेऊन धान्यात ठेवल्यात! कीड लागू नये म्हणून!" मी त्याला म्हटलं, तू कधी जाणार आहेस तिकडे? म्हणाला, उद्याच, पुढच्या टोळीचं बोलायला. मी म्हटलं, मी येते. त्याला वाटलं मला गंमत बघायची आहे.

सुरगाण्याच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि एक नदी कोरडीच ओलांडायची. पाऊस पडला की पाड्याचा रस्ता बंद, दोन-दोन दिवस. त्या दिवशी आभाळ खाली आलेलं, पान हलत नव्हतं. उतारावर राब भाजून झालेले, राखेचे काळे चौकोन, नागली पेरायला तयार. आणि पाड्यात शिरताच, माणूस दिसायच्या आधी, तुमचा वास आला. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात, शेणाने सारवलेल्या बारा घरांतून पंपहाऊसचा वास येत होता.  मुकादम नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आयला, हे तं लयच."

किनाऱ्यावर कार्ड वाचणाऱ्या त्या पोरीचं घर इथलंच. तिच्या सासऱ्याने कणगी दाखवली. बांबूची, सारवलेली, तोंडाशी घट्ट बांधलेली. आत पुढच्या पेऱ्याचं नागलीचं बी. दरवर्षी ते निरगुडीचा पाला आणि राख घालतात. यंदा सुनेने वाचून दाखवलं होतं की डांबरगोळी आहे, बंद पिशवीत, कोरड्या जागी, सावलीत साठवा. सरकारी कामावरची वस्तू, फुकटची, मग पाल्यापेक्षा चांगलीच असणार. पिशवीला भोकं पाडून सगळ्या घरांनी तशीच ठेवली. मेच्या उन्हात कौलांखाली ती वितळली. म्हाताऱ्याने मूठभर नागली काढून तळहातावर चोळली. दाणे एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला आणि हात काळा झाला. "उगवंल का गं?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. घरात मूल खोकत होतं. झोळीच्या दोरीला, डोक्याच्या बाजूला, मुंग्या-ढेकणांसाठी एक फडक्याची पुरचुंडी बांधलेली होती. लहान मुलांपासून दूर ठेवा, हे तिने वाचलं होतं, म्हणून मुलाचा हात पोचणार नाही अशी उंच बांधली होती.

मी ती सोडवून बाहेर फेकली. मग ओट्यावर सगळी जमली आणि मी आदल्या रात्री लिहून आणलेलं नवं कार्ड काढलं आणि बोलू लागले: हे विष आहे, घरात ठेवायचं नाही, चुलीत घालायचं नाही, हाताला लागलं तर गोडेतेल लावून काढायचं, रॉकेल लावायचं नाही. चांगलं सोपं बोलले मी. तुम्ही बोलला असतात तसं. ऐकून घेऊन म्हातारा म्हणाला, "मंग आधीच्या कारडात आसं का नाय लिवलं? सून तं बोलली का डांबरगोळी, साठवा."  मुकादमाला पुढची टोळी न्यायची होती, त्याला भांडण नको होतं, आणि कुणी ठेकेदाराकडे बियाणं मागायला नको होतं. तो पटकन म्हणाला, "अहो बाबा, कार्डात बरोबरच होतं. पोरीनं चुकीचं वाचलं असंल. बारावी काय, आजकाल कुणीपण होतं."

ती दारात उभी होती, मूल खांद्यावर. तिने मुकादमाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड लिहिलंय हे त्या अंगणात मी, ती आणि मुकादम, आम्ही तिघांनीच लक्षात ठेवलेलं होतं. किनाऱ्यावरच्या बायका मागे बसल्या होत्या, पण त्यांना माझं तोंड आठवत असेल-नसेल. तिला आठवत होतं. ती वाट बघत होती, रागाने नाही, मास्तरीण पुढचं वाक्य सांगेल म्हणून मूल थांबतं तशी. एक वाक्य बोलायचं होतं, अण्णा. तिने बरोबर वाचलं, मी चुकीचं लिहिलं. त्यात एकही अवघड शब्द नाही. माझ्या मनात आलं की मग हे बियाण्याचं माझ्या गळ्यात येईल, ठेकेदार पुढचं काम देणार नाही, आणि ही माणसं मला इथून जाऊ देतील की नाही. यातलं शेवटचं तर खोटंच, ती माणसं मला पाणी द्यायला धावत होती. मी नव्या कार्डाकडे बघत राहिले.

"आसंल," ती म्हणाली. "वाचाय चुकली आसंल मी."

सासू काहीतरी पुटपुटली, मागे एक म्हातारा हसला. तिने मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत जाऊन आमच्यासाठी चहा टाकला. गुळाचा, कोरा. मी तो प्यायले. कपाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा काळा डाग होता.

परत येताना पेठेच्या अलीकडे पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच बी राबात टाकलं, दुसरं नव्हतंच. आज आठ दिवस झाले. मुकादमाने काल फोनवर सांगितलं की बारा राबांत कुठेकुठे कोंब आहेत, बाकी काही दिसत नाही, अजून चार दिवस बघतील. मग नागली नाही तर काय करणार, मी विचारलं. म्हणाला, येतील की किनाऱ्यावर, तिकडे काम आहेच, यंदा समुद्र थांबतच नाय. मुलाचा खोकला थांबला का? त्याला माहीत नव्हतं. तालुक्याहून गोळ्या-औषध आणलंय म्हणे, पण कुठलं किती वेळा द्यायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि पाड्यात आता तिला कुणी कागद दाखवत नाही. ती आपल्याच पोराच्या औषधाचं वाचू लागली तर सासू हातातून पाकीट काढून घेते, म्हणे उद्या रस्ता उघडला की खाली जाऊन मास्तरला विचारू. रस्ता परवापासून बंद आहे.

हे सांगताना मुकादम पुन्हा हसला. मी फोन ठेवला.

ठेकेदाराने नवी कार्डं छापली, त्यावर 'डांबराचे चिकट गोळे' असं आहे, ओळ तुटली तर तुटली. माझं बिल त्यांनी वेळेवर मंजूर केलं. कुणालाही माझ्याकडून काही नको आहे. चार दिवस मी दुसरं काही काम हातात घेतलेलं नाही, सकाळी टेबलाशी बसते, कागद ओढते आणि तुम्हाला लिहिते. आतापर्यंत तीन पत्रं फाडली, हे चौथं. हेही कुठे जाणार नाही, तुमचा पत्ता मला कोण देणार. तिचा मात्र आहे. पाड्याचं नाव, पोस्ट, तालुका, सगळं मुकादमाकडून लिहून घेतलं आहे, पोस्टाचं पाकीटही आणून ठेवलं आहे, आणि रस्ता उघडला की पोस्टमन आठवड्यातून एकदा तिथे जातो. पाकीट कोरंच आहे. तुम्हाला लिहिणं सोपं पडतं, म्हणून मी तुम्हाला लिहीत बसते. तिला वाचता येतं, अण्णा.